चप्पल, सोफा, चार्जर: घरातल्या कुत्र्याचं चावणं मार्गी कसं लावायचं

कुत्रा वस्तू चावायचा कायमचा थांबेल अशी अपेक्षा असेल तर ती आधी सोडून द्या, कारण तसं होत नाही आणि होऊही नये. चावणं, कुरतडणं, फाडणं ही त्याची गरज आहे, त्याने त्याचं डोकं शांत होतं, वेळ जातो, तोंडाला काम मिळतं. तो काय चावणार आणि कुठे बसून चावणार हे ठरवणं मात्र आपल्या हातात आहे, आणि तेवढं जमलं की घर वाचतं. माणसांना दात लावणं हा वेगळा विषय आहे, त्यात इथे शिरत नाही.

बहुतेक घरांत काय होतं तर पहिली चप्पल फाटली की पेट शॉपमधून एक स्प्रे आणि दोन खेळणी येतात, स्प्रे चालत नाही, खेळणी अर्ध्या तासात फाटतात, मग ओरडणं सुरू, मग बाल्कनीत बांधणं, आणि वर्षाच्या आत "आमच्याने नाही होत, कोणी घेऊन जाईल का". हे ऐकून खरंच जीव तुटतो, कारण तो का चावतोय हे त्या घरात कोणी शोधलेलंच नसतं. दात येणाऱ्या पिल्लाचा उपाय वेगळा, कंटाळलेल्या कुत्र्याचा वेगळा आणि एकटं राहायला घाबरणाऱ्या कुत्र्याचा तर एकदमच वेगळा. म्हणून पैसे खर्च करायच्या आधी हे करा.

आठवडाभर नुसतं बघा आणि लिहून ठेवा

मोबाईलमध्ये लिहिलं तरी चालेल. काय चावलं, कुठे बसून चावलं, किती वाजता, घरात कोण होतं आणि त्याच्या आधी तो काय करत होता, एवढंच. सात-आठ दिवसांत त्यात काहीतरी ठराविक दिसायला लागतं.

वय आधी बघा. पिल्लाला दुधाचे २८ दात असतात, ते साधारण साडेतीन-चार महिन्यांपासून पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के ४२ दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात, चावलं की बरं वाटतं, म्हणून टेबलाचा पाय, झाडूचा दांडा, तुमची बोटं, जे तोंडात मावेल ते जातं. फरशीवर तांदळाच्या दाण्याएवढा दात सापडला किंवा खेळण्यावर जरासं रक्त दिसलं तर घाबरू नका, ते नॉर्मल आहे.

पण दात आले म्हणजे संपलं असं समजू नका. आठव्या महिन्यापासून पुढे दीड-दोन वर्षांपर्यंत दुसरी फेरी असते, तेव्हा जबडा पक्का झालेला असतो, अंगात दम भरपूर असतो आणि अक्कल अजून पोराचीच असते, त्यामुळे सोफा, गादी, शूरॅक असे मोठे खर्च याच वयात होतात. लॅब्राडॉर, बीगल, हस्की पाळणाऱ्या कोणालाही विचारा. देशी पिल्लंही यात मागे नसतात.

मग वेळ बघा. संध्याकाळी सहा ते नऊमध्येच सगळं होतंय आणि घरात माणसं आहेत, तर त्याची दिवसभराची ताकद खर्च झालेली नाही. तुम्ही ऑफिसच्या कॉलवर बसलात की तो चप्पल उचलून बरोबर तुमच्या समोरून जातोय, तर त्याला तुमचं लक्ष हवंय आणि तुम्ही उठून मागे धावलात की त्याला हवा तो खेळ सुरू झाला. मुंबईत आणि कोकणात जून-जुलैमध्ये अचानक चावणं वाढलं तर बहुतेक वेळा पावसामुळे वॉक बंद झालेला असतो. फक्त फटाक्यांच्या दिवसांत, ढोल-ताशा किंवा डीजे जवळून जाताना, किंवा ढग गडगडताना दार खरवडतोय, गादी फाडतोय तर ती आवाजाची भीती आहे.

भूकही बघा. आपल्याकडे अजून बऱ्याच घरांत पिल्लाला दूध-पोळीवर ठेवतात, त्यात वाढत्या अंगाला लागतं तेवढं प्रोटीन आणि कॅल्शियम मिळत नाही, मग ते कचऱ्याचा डबा उपसतं आणि खाण्याचा वास असलेली प्रत्येक वस्तू फाडतं. लॅबची, म्हणजे लॅब्राडॉरची गोष्ट थोडी वेगळी आहे. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की चारातल्या साधारण एका लॅब्राडॉरमध्ये एका जनुकाचा तुकडाच गायब असतो आणि तसे कुत्रे खाण्यासाठी जास्त हपापलेले असतात. तुमचा लॅब भरलेल्या पोटीही ओटा धुंडाळत असेल तर तो हट्टी आहे म्हणून रागावू नका, डबे उंचावर ठेवा आणि त्याचं खाणं जास्त वेळ चालेल असं द्या, ते पुढे सांगतो.

भिंतीचा चुना चाटणं, माती-दगड खाणं, सॉक्स फाडायच्या ऐवजी थेट गिळणं हे दिसलं तर ट्रेनिंगच्या मागे न लागता आधी व्हेटकडे जा. जंत, पोटाचे आजार, रक्त कमी होणं अशी कारणं असू शकतात, आणि गोचीड तापात रक्त कमी होतंच, तो आपल्याकडे पावसाळ्यात आणि नंतर भरपूर असतो. पाच-सात वर्षांचा शहाणा कुत्रा अचानक चावायला लागला तरीसुद्धा आधी दात आणि रक्त तपासून घ्या.

कंटाळा आहे की एकटेपणाची भीती, हा फरक नीट ओळखा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. दोन्हीमध्ये तुम्ही घरी येता तेव्हा घर विस्कटलेलं असतं, पण उपाय उलटे आहेत.

कंटाळलेला कुत्रा तुम्ही गेल्यावर आधी झोपतो, मग उठतो, फिरतो, जे मजेशीर वाटेल ते उचलतो. उशी, रिमोट, टिश्यूचा बॉक्स, कुठेही, कसंही. घाबरलेला कुत्रा मात्र तुम्ही दार लावल्या लावल्या सुरू होतो, बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या तासातच, आणि त्याचा सगळा जोर दारावर, चौकटीवर, खिडकीवर, पायपुसण्यावर असतो नाहीतर तुमच्या अंगाचा वास असलेल्या कपड्यांवर. सोबत रडणं, भुंकणं, लाळ गळणं, एरवी घरात न करणारा शू-शी करून ठेवणं. ट्रीट ठेवून गेलात तर तशीच पडलेली असते आणि तुम्ही आल्यावर मग खातो, ही खूण अगदी महत्त्वाची. तुम्ही चावी उचलली, बूट घातले की धापा टाकायला लागतो किंवा पायात पायात येतो.

अंदाज बांधत बसू नका, जुना मोबाईल कपाटावर ठेवून व्हिडिओ चालू करा आणि अर्धा तास बाहेर जा. तो व्हिडिओ बघितला की बहुतेकांना उत्तर मिळतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आणि नंतर वर्क फ्रॉम होममध्ये वाढलेल्या अनेक कुत्र्यांना एकटं राहायची सवयच लागली नव्हती, ऑफिसं उघडल्यावर किती घरांत हा त्रास सुरू झाला ते आठवत असेल.

आता घर आवरा

चावण्यातच मजा असते, त्यामुळे प्रत्येक फाडलेली चप्पल म्हणजे त्याला मिळालेलं बक्षीस आहे. ते बक्षीस मिळूच नये अशी व्यवस्था पहिल्या दिवसापासून लागते आणि ही व्यवस्था त्याच्यापेक्षा घरातल्या माणसांना जास्त शिकवावी लागते. चपला बंद दाराच्या शूरॅकमध्ये, पाहुण्यांच्यासुद्धा. रिमोट, चष्मे, मुलांचे क्रेयॉन, इअरफोन टेबलाच्या काठावर नाहीत. वायरी केसिंग पट्टीत घालून घ्या, इलेक्ट्रिशियन थोडक्यात करून देतो, आणि चार्जर वापरून झाला की काढून ड्रॉवरमध्ये. कामाला येणाऱ्या मावशींना, आजी-आजोबांना, सगळ्यांना एकदा बसून सांगा, कारण एकजण जरी दार उघडं टाकत असेल तर बाकीच्यांची मेहनत वाया जाते.

काही गोष्टी नुकसानीपुरत्या नाहीत, जिवावरच्या आहेत. डांबरगोळ्या, उंदराचं औषध, डासांच्या मशीनचं लिक्विड, रिमोटमधले आणि खेळण्यांमधले बटण सेल, पॉवर बँक, पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेनच्या गोळ्या, चॉकलेट, मनुका-बेदाणे, कांदा-लसूण, झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असलेलं शुगर-फ्री च्युइंगगम. कुंड्यांमध्ये कण्हेर आणि सायकस असेल तर घरातून काढूनच टाका, मनी प्लांट आणि डायफेनबॅकिया उंचावर. शिवणकामाचा दोरा आणि सुई हे डब्यात बंद, दोरा आतड्यात अडकला तर फार वाईट होतं. आंब्याच्या दिवसांत कोय आणि पावसाळ्यात मक्याचं खाऊन झालेलं कणीस या दोन गोष्टी कुत्रे गिळतात आणि आतडं बंद होऊन थेट ऑपरेशनपर्यंत जातं, तेव्हा त्या दिवसांत कचऱ्याच्या डब्याला घट्ट झाकण हवंच.

जागा कमी करा. पिल्लाला वन बीएचके पूर्ण मोकळा देण्याचं काही कारण नाही. लहान मुलांचं गेट मिळतं ते दारात लावा किंवा प्ले पेन (घडीचं छोटं कुंपण) घ्या, आत त्याची गादी, पाणी आणि चावायच्या परवानगीच्या दोन वस्तू. तुम्ही घरात काम करताय आणि लक्ष ठेवता येत नाहीये तर पट्टा तुमच्या कमरेला अडकवा, तो बरोबर फिरेल आणि डोळ्यासमोर राहील. एकट्याला साखळीने बाल्कनीत किंवा खिडकीच्या गजाला बांधून मात्र ठेवू नका, त्याने घाबरटपणा आणि भुंकणं वाढतं, वर ऊन लागतं ते वेगळंच. क्रेट, म्हणजे दार असलेला पिंजरा, चांगली गोष्ट आहे पण हळूहळू, दार उघडं ठेवून, आत खायला देऊन सवय लावलेली असेल तरच. एकटेपणाने घाबरणाऱ्या कुत्र्याला क्रेटमध्ये कोंडलं तर तो गजांवर दात आणि नखं मोडून घेतो.

चावायला काय द्यायचं

इथे जरा थांबून विचार करा. प्रत्येक कुत्र्याची आवड वेगळी असते, काही फाडणारे असतात, काही कुरतडणारे, काही चाटत बसणारे. नोंदीत परत बघा. टिश्यू, उशी, पुठ्ठा जात असेल तर तो फाडणारा आहे, त्याला कडक रबराचं खेळणं देऊन समाधान होणार नाही. लाकूड, दाराची चौकट, फर्निचरचे कोपरे जात असतील तर कुरतडणारा.

यावर एक खरी गोष्ट सांगण्यासारखी आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत ज्यो मार्कम नावाच्या माणसाचा फ्रिट्झ नावाचा जर्मन शेफर्ड दगड चावून स्वतःचे दात झिजवत होता. मार्कम फोक्सवॅगन व्हॅन दुरुस्त करत असताना तिच्या सस्पेन्शनचा एक रबरी भाग फ्रिट्झला मिळाला आणि त्याने दगड सोडून तोच चावायला घेतला. त्यातून १९७६ मध्ये काँग नावाची कंपनी सुरू झाली, ते आतून पोकळ रबरी खेळणं आज पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही पेट शॉपमध्ये मिळतं. फ्रिट्झला दगडासारखाच दाताखाली दम लागेल असा पण दात न मोडणारा पर्याय मिळाला म्हणून तो दगडाकडे वळला नाही. आपल्यालाही तेच करायचंय.

पोकळ रबरी खेळण्यात घट्ट दही-भात, उकडलेलं रताळं कुस्करून, पनीर, त्याचंच रोजचं खाणं भिजवून, जे पचतं ते भरा आणि फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवा. गोठलेलं असलं की आरामात अर्धा तास चालतं. पीनट बटर वापरत असाल तर डब्यावर झायलिटॉल नाही ना ते वाचा. दात येणाऱ्या पिल्लासाठी स्वच्छ जाडसर नॅपकिन पातळ ताकात भिजवून, पिळून, गाठ मारून गोठवा, हिरड्यांना गार लागतं आणि खर्च काही नाही, फक्त समोर बसा आणि धागे निघायला लागले की काढून घ्या. मोठ्या पिल्लांना थंडगार अख्खं गाजरही चालतं, छोट्या जातींना नको, तुकडा अडकतो.

फाडणाऱ्यासाठी पुठ्ठ्याचा बॉक्स, त्यावरची टेप आणि स्टेपल पिना काढून, आत थोडं खाणं टाकून बंद करून द्या. अंड्यांचा कागदी ट्रे, जुना टर्किश टॉवेल गुंडाळून त्याच्या घड्यांमध्ये कुत्र्याच्या खाण्याचे दाणे, हे सगळं चालतं. घरभर कचरा होतो, होऊ द्या, पाच मिनिटांत झाडून होतं आणि तो नंतर दोन तास झोपतो. कागद गिळणारा असेल तर मात्र हे नको.

आता काय द्यायचं नाही. शिजवलेलं हाड, कुठलंही. रविवारच्या मटणातली नळी कुत्र्याला देणं आपल्याकडे प्रेमाचं समजतात, पण शिजलेलं हाड तुकडे होऊन टोचतं, दाढ मोडते, आणि नळीची गोल चकती खालच्या जबड्यावर चढून अडकते, ती मग भूल देऊन कापून काढावी लागते. पेट शॉपमधली पांढरी गाठीची चामड्याची "बोन" पोटात फुगते, ती मी कोणाला सुचवत नाही. कडकपणा तपासायची सोपी पद्धत म्हणजे अंगठ्याचं नख दाबून बघा, जरासुद्धा रुतत नसेल तर ती वस्तू दाताला जड आहे. वरच्या जबड्यातली मोठी दाढ अशा कडक गोष्टींनीच चिरते. छुरपी (दुधापासून केलेलं, वाळवलेलं कडक हिमालयी चीज) याच प्रकारात येते, बऱ्याच कुत्र्यांना शांत बसवते हे खरं, पण जोर लावून तोडणाऱ्याला देऊ नका, आणि कोणालाही दिली तरी शेवटचा छोटा तुकडा गिळायच्या आत काढून घ्या. तो तुकडा भिजवून मायक्रोवेव्हमध्ये फुगवला आणि पूर्ण गार केला की मग खायला देता येतो.

आणि जुनी चप्पल खेळायला देऊ नका. जुनी कुठली आणि लग्नात घालायची कोल्हापुरी कुठली हे त्याला कसं कळणार, दोन्हीला चामड्याचा आणि तुमच्या पायाचा वास आहे.

सगळी खेळणी एकदम समोर टाकू नका. दोन बाहेर, बाकी कपाटात, दोन-तीन दिवसांनी बदला, म्हणजे जुनंच खेळणं परत नवं वाटतं.

"दे" शिकवा, आणि वस्तू परत करा

तोंडातलं सोडणं ही एक गोष्ट नीट शिकवली तर उद्या त्याने गोळ्यांचं पाकीट उचललं तेव्हा जीव वाचेल, म्हणून इथे घाई करू नका.

त्याला फारसं प्रिय नसलेलं खेळणं द्या, दोन मिनिटं चावू द्या. मग पनीरचा किंवा उकडलेल्या चिकनचा तुकडा नाकाजवळ न्या, काही बोलू नका, हिसकावू नका. तोंड उघडून खेळणं पडलं की तुकडा द्या आणि लगेच खेळणंही परत द्या. परत देणं हेच या सगळ्यातलं मुख्य आहे, कारण त्यातून त्याला कळतं की माणूस जवळ आला म्हणजे आपलं काही जात नाही, उलट एक गोष्ट जास्त मिळते. असं दिवसातून दोन-तीनदा, थोडं थोडं. हात जवळ येताच तो आपण होऊन सोडायला लागला की मग शब्द जोडा, "दे" म्हणा, "सोड" म्हणा, काहीही, पण घरात सगळ्यांचा एकच शब्द. आई "सोड", बाबा "ड्रॉप", मुलगा नुसताच किंचाळतोय असं असेल तर ते बिचारं काय शिकणार? हळूहळू जास्त प्रिय वस्तूंवर जा, मग सॉक्सवर, मग चपलेवर.

शिकायच्या आधीच त्याने काही धोक्याचं उचललं तर मागे पळू नका. मूठभर ट्रीट त्याच्यापासून लांब जमिनीवर उधळा, तो खायला वळला की शांतपणे वस्तू उचला. फ्रीज उघडल्याचा आवाज, दाराची बेल, पट्ट्याचा आवाज हेही चालतं. तोंडातली वस्तू धरून तो आखडत असेल, डोळे वटारत असेल, गुरगुरत असेल तर हात घालू नका आणि मारून मुळीच सोडवू नका, प्रेमाने शिकवणाऱ्या ट्रेनरची मदत घ्या, हे वाढू दिलं तर घरातल्या लहान मुलांना धोका होतो.

ओरडण्याबद्दल

तुम्ही संध्याकाळी घरी आलात, सोफ्याचा स्पंज घरभर, आणि तो कान पाडून, नजर चुकवून कोपऱ्यात. सगळे म्हणतात बघा, त्याला कळतंय त्याने काय केलंय. न्यूयॉर्कच्या बार्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये यावर प्रयोग प्रसिद्ध केला. मालकाने कुत्र्याला ट्रीट खाऊ नको म्हणून सांगून बाहेर जायचं, आणि आत काय झालं हे मालकाला कधी खरं सांगायचं, कधी खोटं. तर तो अपराधी चेहरा कुत्र्याने खाल्लं की नाही यावर ठरत नव्हता, मालक रागावला की नाही यावर ठरत होता, आणि काही न करता ओरडा खाल्लेले कुत्रे तर जास्तच अपराधी दिसत होते. म्हणजे तो तुमच्या रागाला घाबरलेला असतो. दोन तासांपूर्वीच्या सोफ्याचा आणि आताच्या ओरडण्याचा संबंध तो लावू शकत नाही, तो फक्त एवढंच शिकतो की हे घरी आले की भीती वाटते, आणि एकटेपणाने घाबरणारा कुत्रा त्याने आणखी घाबरतो. तोंडासमोर चप्पल आपटणं, नाक फाडलेल्या वस्तूवर घासणं, हे बंद करा, कृपा करून.

चावताना समोर सापडला तर साध्या आवाजात "अंहं" म्हणून थांबवा, त्याची वस्तू हातात घेऊन हलवा, त्याने ती घेतली की मनापासून कौतुक करा. आणि तो आपण होऊन आपल्याच खेळण्याशी शांत बसला असेल तेव्हा आवर्जून "शाब्बास" म्हणा, एक दाणा टाका. आपण गोंधळ झाला की लक्ष देतो आणि शहाणा असताना मोबाईल बघतो, तिथेच चुकतं.

रोजचा दिवस कसा असावा

नुसतं पळवून दमवायचं डोक्यात ठेवू नका. वास घेत चालू देणं, म्हणजे पट्टा सैल, त्याला हव्या त्या खांबापाशी हवा तितका वेळ, असा अर्धा तास वॉक खूप काम करतो. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत आणि संध्याकाळी रस्ता गार झाल्यावर, हाताचा मागचा भाग डांबरावर पाच सेकंद ठेववत नसेल तर त्याचे पायही भाजतात. पावसात बाहेर जाता येत नसेल तर घरात ट्रीट लपवा आणि शोधायला सांगा, वाटीऐवजी खाणं खेळण्यातून किंवा टॉवेलमधून द्या, बस-थांब-ये असं दहा मिनिटं शिकवा. फटाक्यांच्या दिवसांत वॉक अंधाराच्या आधी उरका, आतली खोली, खिडक्या-पडदे बंद, टीव्ही किंवा पंख्याचा आवाज, आणि गोठवलेलं चाटायचं खेळणं.

झोप विसरू नका. पिल्लं दिवसातले १८ ते २० तास झोपतात, आणि पोरं-पाहुणे यांच्यामुळे ती झोप झाली नाही की संध्याकाळी वेड्यासारखी चावतात, लोक समजतात ताकद जास्त झाली आणि अजून पळवतात. तासभर जागं राहिलं की प्ले पेनमध्ये शांत झोपू द्या.

एकटं राहायला शिकवणं

नोंदीत आणि व्हिडिओत भीती दिसली असेल त्यांच्यासाठी हे. आधी निघायच्या खुणांची किंमत घालवा, म्हणजे चावी उचला आणि सोफ्यावर बसा, बूट घाला आणि चहा करा, दिवसातून बरेचदा, तो बघायचाही कंटाळा करेपर्यंत. मग दार उघडा-बंद करा. मग बाहेर पाच सेकंद, परत आत, काही मोठा सोहळा न करता. दहा सेकंद, पुन्हा पाच, मग वीस, मग अर्धं मिनिट, वाढवत जायचं पण दरवेळी वाढवायचं नाही, मधे मधे सोपं ठेवायचं. कॅमेऱ्यात तो अस्वस्थ होताना दिसला की तुम्ही जास्त वेळ बाहेर राहिलात, पुढच्या वेळी कमी.

या काळात त्याला झेपतं त्याच्यापेक्षा जास्त वेळ एकटं सोडायचं नाही, आणि हेच अवघड आहे. शेजारच्या काकू, कॉलेजला जाणारा भाचा, डे केअर, घरातल्यांनी आळीपाळीने सुट्टी, जे जमेल ते जुळवा, कारण आठवड्यात एकदा जरी तो चार तास रडत राहिला तरी मागचं बरंच पुसलं जातं. त्रास फार असेल, स्वतःला जखमा करत असेल तर व्हेटशी औषधाबद्दल बोला. क्लोमिप्रामिन आणि फ्लुओक्सेटिन ही दोन औषधं कुत्र्यांच्या याच त्रासासाठी वापरली जातात, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण डोस व्हेटनेच ठरवायचा आणि सोबत ट्रेनिंग चालू ठेवायचं.

स्प्रे आणि मिरची

कडू स्प्रे मदतीला ठीक आहेत. काहींमध्ये डेनॅटोनियम असतं, १९५८ मध्ये एडिंबरामध्ये सापडलेला अतिशय कडू पदार्थ, फर्निचरच्या कोपऱ्यांवर रोज लावावा लागतो आणि काही कुत्र्यांना त्याचं काहीच वाटत नाही. आधी कापडाच्या टोकावर थोडा मारून डाग पडतो का बघा. वायरीसाठी स्प्रेवर विसंबू नका. मिरची पूड, बाम, फिनेल हे कुणी कितीही सांगितलं तरी नको, नाका-डोळ्यांची आग होते, जखमा होतात आणि चावायची गरज तशीच राहते.

गिळलं किंवा शॉक बसला तर

वायर तोंडात असताना कुत्र्याला हात लावू नका, आधी मेन स्विच बंद. नंतर तो ठीक दिसला तरी त्याच दिवशी व्हेटला दाखवा, फुफ्फुसात पाणी काही तासांनी भरू शकतं. काही गिळलं असेल तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, मीठच विष ठरतं, आणि टोकदार वस्तू, सेल, डासांचं लिक्विड परत वर येताना जास्त इजा करतं. फोन करा, काय आणि किती वाजता गिळलं ते सांगा, पाकीट सोबत न्या. वारंवार उलट्या, खाणं बंद, पोटाला हात लावू न देणं, शी न होणं ही आतडं अडकल्याची लक्षणं आहेत, सकाळपर्यंत वाट बघू नका. दोरा मागून लोंबताना दिसला तर ओढू नका. रात्री कुठला दवाखाना उघडा असतो ते आजच शोधून फ्रीजवर लिहून ठेवा. परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथे सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, जवळ राहत असाल तर तिथल्या दवाखान्याच्या वेळा माहीत असू द्या.

घर कधी मोकळं सोडायचं

वयाकडे न बघता नोंदीकडे बघून ठरवा. सलग महिनाभर काही नुकसान नाही, खेळणं आपण होऊन शोधतो, "दे" म्हटल्यावर देतो, तर एक खोली वाढवा, आधी तुम्ही घरात असताना, मग दहा मिनिटं बाहेर जाऊन, मग तासभर. शूरॅक असलेली खोली सगळ्यात शेवटी. लॅबसारख्या जातींना यात दोन वर्षं लागली तरी ते वेळेतच आहे. मधेच परत एखादी चप्पल गेली तर त्या खोलीचं दार आणखी दोन आठवडे बंद ठेवा आणि त्या दिवशी वॉक झाला होता का, झोप झाली होती का, तो किती वेळ एकटा होता, हे परत लिहून ठेवा.